मॅचिंग सेंटर, देगलूर

काउंटरवर कापडाचा तुकडा पडतो, तळहातापेक्षा लहान.
ह्याला जुळतं अस्तर द्या.
मी तो दारात नेतो, उजेडाला धरतो.
ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतात.

गंगामणी नवी आलेली, लग्नाचं पहिलंच वर्ष.
म्हणालो, हिरव्याची रिळं वरच्या फळीवर लाव.
तिनं गडद हिरवी लावली, पोपटी लावली,
आणि त्यांना चिकटून हळदीची.
सगळं पच्चाच की, म्हणाली.
मदनूरकडं पानही पच्चा, हळदही पच्चा,
कावीळ झालेल्याचे डोळेही पच्चा.
मी हसलो. गिऱ्हाईकही हसलं.
ती हातात दोन रिळं घेऊन
माझ्याकडं बघत राहिली,
जणू मीच एका झाडाची
दोन झाडं करून ठेवली होती.

संध्याकाळी शटर ओढताना
पलीकडच्या लिंबाकडं नजर गेली.
शेंड्याला कोवळं, मधे जून,
खाली गळायला आलेलं.
हिरवा कुठं संपतो?
मला ती रेघ सापडेना.
सकाळपर्यंत तर दिसत होती.

तिला मात्र कोणता पच्चा कोणता ते पक्कं ठाऊक.
पाठमोरी हात घालून रीळ काढायची,
एकदाही चुकली नाही.

चुका व्हायच्या त्या माझ्या वहीत.
"रिहानाबी, फॉल-पिको, परवा."
नेलं, का नेणार?
गंगामणी कपाळाला हात लावायची.
तिच्याकडं मोन्ना वेगळा, एल्लुंडी वेगळा.
गेलेला दिवस येणाऱ्याच्या अंथरुणात झोपत नाही.
रिहानाबीचा तर कलसुद्धा दोन्हीकडं तोंड असलेला.
पैसे? विचारलं की, "कल."
एवढंच. आणि बोट दाखवायची ते छताकडं.
दिलेत का देणार, हे छतालाच माहीत.

राग तिन्हीकडं सारखाच येतो.
मला राग आला. नाकु कोपं वच्चिंदि. मेरेकु गुस्सा आया.
आपण बसलेलो असतो जागेवर, तो येतो,
पाव्हण्यासारखा, चपला न काढता.

तसा तो आला त्या दिवशी.
थोरल्या भावाशी फोनवर बोलणं झालं होतं.
जेवताना मी सहज म्हणालो,
आम्ही ठरवलंय, दुकान काढून टाकायचं.
तिचा घास हातातच राहिला.
"आम्ही?"
मी भाकरीकडं बघितलं.
समजावून सांगायला काही नव्हतं.
मेमु म्हणजे तुला सोडून,
मनमु म्हणजे तुला धरून.
अठरा वर्षं हिरव्या-पिवळ्यात जी रेघ जुळली नाही
ती इथं दोन्ही भाषांत
अगदी एकाच उंबऱ्यावर होती.
एवढं पक्कं मॅचिंग
मी दुकानात कधी केलं नव्हतं.

दिवा घालवल्यावर बऱ्याच वेळानं
ती दखनीत बोलली.
बाजाराची बोली, दोघांच्याही आईची नव्हे.
"अब हम क्या करना?"
त्या हममधे दारच नव्हतं.
कोण आत, कोण बाहेर, कुणी विचारत नव्हतं.
धर्मशाळेत निजावं तसे
आम्ही,
म्हणजे आपण,
त्या शब्दात रात्रभर पडून राहिलो.

सकाळी वही उघडली.
शेवटच्या पानावर लिहिलं:
"दुकान विकणे. परवा."
ती मागून वाचत होती.
"मोन्ना का एल्लुंडी?"

काउंटरवर एक तुकडा पडला.
मी तो उचलून दारात नेला,
बराच वेळ उजेडाला धरून ठेवला.
हिरवा म्हणावा तर पिवळा होता.
आतून तिचा आवाज आला,
"पच्चाच आहे. आणा इकडं."